नाका

सकाळी सहाला शकूरभाईच्या दुकानाची फळी
अजून ओली असते.
मी बर्फाचा थर्मास पुढे करते.
तो मुंडकं फिरवून नेमका काप देतो,
दोन नाकं, सलाईनच्या पाण्यात.
पहिल्या दिवशी विचारलं होतं त्याने,
"पोरी, बकरीनं नाक तुले कसाले लागस?"
अभ्यासाला, म्हटलं.
"मरेल बकरी काय वास लेस?"
आता विचारत नाही. पैसेही घेत नाही.

शिरपूरच्या वर, पळासनेरच्या नाक्यावर
ट्रक अडतात
तसं औषध अडतं रक्तातून डोक्याकडे जाताना.
कागद बघतात, ताडपत्री उचलतात,
बहुतेकांना माघारी लावतात.
अख्खी गोळी गिळावी, पोचावा दाणा,
बाकीची मळमळ होऊन पोटात बसते.
नाकात मात्र नाका नाही.
वर, अगदी वर, डोळ्यांच्या मधल्या अंधारात
नखाएवढा पिवळसर तुकडा,
त्यावर चाळणीसारखं हाड,
आणि चाळणीतून खाली उतरलेले
मेंदूचेच धागे, उघड्यावर.
एवढ्या राखणीतल्या घराला
हे एक मागचं दार.
आजवर तिथून आपण आत काय धाडलं?
तपकीर.
फिट आलेल्याला फोडलेला कांदा,
कुणाची तरी चप्पल.

आमच्या प्रयोगशाळेत
काचेच्या दोन पेल्यांमध्ये मी ते कातडं ताणते,
कांद्याच्या पापुद्र्याहून थोडं जाड.
वर माझं जेल,
फ्रीजमध्ये पाणी, नाकाच्या उबेला घट्ट,
कारण नाकाला झाडायची सवय आहे,
पंधरा-वीस मिनिटांत सगळं घशाकडे लोटतं.
थांब, एवढंच शिकवायचं आहे औषधाला.
खाली चुंबकाचा मणी फिरतो
आणि दर अर्ध्या तासाला मी एक थेंब उपसते,
किती आलं पलीकडे.

आप्पांचं नाव हिलाल नथ्थू बोरसे.
आजोबांच्या आधीची तिन्ही पोरं गेली,
म्हणून त्यांचं नाक टोचलं, नथ घातली,
मरण फसलं, नाव राहिलं.
आप्पांचं नाक मात्र बिनटोचलेलं आणि पगारी होतं,
अमळनेरच्या तेल गिरणीत.
तळहातावर थेंब चोळून सांगायचे,
सरकी जुनी, पोतं भिजलेलं, हा डबा बाजूला.
मग एका वर्षी तीन टँकर खवट तेल
त्यांनी चांगलं म्हणून पास केलं.
शेटजी म्हणाले, म्हातारा पैसे खातो.
आप्पा नाक मुठीत धरून घरी आले.
हात थरथरायला लागला
त्यानंतर चार वर्षांनी.
या आजारात वास आधी जातो,
हे मी एम.फार्म.च्या पहिल्या वर्षाला वाचलं,
लायब्ररीत, दुपारी,
आणि पान न उलटता बसून राहिले.
गिरणी तोवर बंद पडलेली.
सांगणार कुणाला?

तोंडी परीक्षेला नाशिकहून आलेले सर
आलेख बोटाने चढत गेले, छान म्हणाले,
मग चष्मा काढून:
"पण ज्याची वासाची नसच वाळलीय,
त्याच्यात हे दार उघडं असेल का?"
पंखा फिरत होता.
मला शकूरभाईचं वाक्य आठवलं.
"सर, तपासलेलं नाही," मी म्हटलं.
त्यांनी काहीतरी लिहिलं. मार्क चांगले दिले.

संध्याकाळी आई भाकरी टाकते.
एखादी करपते, धूर ओट्यावर येतो,
आप्पांना कळत नाही,
ते उजवा हात मांडीखाली दाबून
रोजचा प्रश्न विचारतात,
"आज कितलं गयं?"
"बासष्ट टक्के, आप्पा. आठ तासांत."
ते डोळे मिटून हिशेब करतात,
जसा गिरणीत करायचे.
"सरकीमाईन अठरा निंघे," म्हणतात,
"बासष्ट म्हंजे लई व्हयनं."

कुणासाठी, ते विचारत नाहीत.
मी थर्मास धुऊन उपडा घालते.
उद्या पुन्हा सहाला. या वेळी शकूरभाईला सांगायचंय,
म्हाताऱ्या बकऱ्याचं दे.